लांब चिमट्याचे गोमानाना

माझ्या संसारातली पहिली भाजी चुलीवर शिजत होती, आणि मागच्या दारातून एक लालभडक निखारा आत आला. निखाऱ्याखाली खापरी होती, खापरीला धरलेला लोखंडी चिमटा होता, पण तो चिमटा एवढा लांब की धरणारा माणूस कुठे दिसेना. निखारा माझ्या नाकासमोरून तरंगत गेला आणि लाल माठाच्या भाजीवर अलगद बसला. माझी दातखीळच बसली. लग्न होऊन वाईहून भाईंदरला आले त्याला आठवडाही झाला नव्हता. खाडीच्या बाजूला भुतंखेतं फार, असं माहेरी म्हणत होते खरे. पण ती भर सकाळी स्वयंपाकघरात खापरी घेऊन येतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात भुतानं बाहेरून हुकूम सोडला. "बाय, वरून तेलाची धार सोड नि झाक. बिगी."

मी धार सोडली आणि झाकलं. पळत का सुटले नाही, असं तुम्ही विचाराल. अहो, माणूस पुरता घाबरला की जो सांगेल त्याचं ऐकतो. झाकणाच्या कडेनं पांढरा धूर निघाला. बराच वेळ सगळं चिडीचूप होतं. मग बाहेर कुणीतरी बुडता बुडता वर आल्यासारखा श्वास सोडला आणि "उघड" म्हणालं. मी झाकण काढल्यावर चिमटा आला, खापरी घेऊन गेला, निखारा मात्र चुलीपाशी टाकून गेला.

दुपारी आमचे हे जेवायला बसले. हे मिठाच्या कचेरीत कारकून. ताटात काय वाढलंय ते न बघता जेवायची त्यांची पद्धत. त्या दिवशी त्यांनी भाजी दोनदा मागून घेतली आणि सहज म्हणाले, "गोमानाना येऊन गेलेले दिसतात." जणू भाजीत हिंग पडलाय!

तर हे गोमानाना. मिठागरावर मुकादमी केलेला आगरी माणूस. उन्हानं आणि खाऱ्या वाऱ्यानं कातडी काळीकुळकुळीत, मिशा मात्र पिकून मिठासारख्या. आमच्या मागच्या अंगणाला लागून त्यांचं एकट्याचं घर. पालेभाजीला धुंगार द्यायचा, ह्याखेरीज त्यांना जगात दुसरं काम आहे असं मला कधी दिसलं नाही. लोक भेटल्यावर "जेवलात का?" म्हणतात, हे म्हणायचे, "धूर दिला काय?" स्टेशनावरच्या तिकीटबाबूलाही तेच आणि देवळातल्या गुरवालाही तेच.

गल्लीत कुणाकडे भाजी शिजतेय हे त्यांना वासावरून कळायचं, आणि कुठली शिजतेय तेही. माठाला नारळाच्या करवंटीचा निखारा. अंबाडीला तिवराच्या लाकडाचा, कारण आंबट भाजीला खाडीचा धूर लागतो म्हणे. मुळ्याच्या पाल्याला बाभळीचा, आणि त्यात लसणीची ठेचलेली पाकळी. मेथी त्यांच्या मते घाटावरची, गर्विष्ठ भाजी. तिला धूर देऊन उपयोग नाही. मी घाटावरची, तेव्हा हा टोला कुणाला होता ते मला बरोबर कळलं.

आमच्या सासूबाई कडक सोवळ्याच्या. लाल आलवणातल्या, हाडापेराच्या, शब्द मोजून वापरायच्या आणि सरपण त्याहून मोजून. असल्या घरात हा माणूस चुलीपर्यंत येतोच कसा, हे मला कळेना. मग कळलं की येत नाही. सासूबाईंनी पहिल्यांदा हटकलं तेव्हा गोमानाना उंबऱ्याबाहेर उभे राहून अगदी नम्रपणे म्हणाले होते, "माजा पाय भायेर हाय, आई. आत गेला त्यो चिमटा. नि इस्तवाला इटाल न्हाय." दुसऱ्या दिवशी लोहाराकडून आणखी लांब चिमटा करून आणला.

विस्तवाला विटाळ नाही! मला वाटलं, सासूबाईंनी त्यावर शास्त्रार्थ काढला असेल. पण त्या गप्प बसल्या होत्या म्हणे. कुणी एका वाक्यात त्यांना गप्प केल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. फक्त गोमानाना गेले की तो टाकलेला निखारा त्या पळीनं उचलून आमच्या चुलीत सारायच्या. विस्तव फेकू नये, म्हणायच्या. मी मनात म्हटलं, बाई कंजूस आहे.

आता दमाचं सांगते. भाजीवर झाकण पडलं की गोमानानाही दम धरायचे. गाल फुगवून, डोळे मिटून, दाराच्या चौकटीला टेकून. भाजीनं धूर आत धरला की आपणही धरायचा, आणि दोघांनी एकदम सोडायचा. दम आधी सुटला तर धूर कच्चा, उशिरा सुटला तर भाजी कडू. गावात नवा डॉक्टर आला होता, तो एकदा शेजारी कुणाला तरी बघायला आला असताना त्यानं हे ध्यान पाहिलं. तोंड जांभळं, मानेच्या शिरा टरारलेल्या. तो पेटी टाकून धावला आणि नानांच्या छातीवर बुक्के मारायला लागला. नानांचा दम सुटला. त्यांनी डोळे उघडून डॉक्टरकडे बघितलं आणि विचारलं, "ह्या भाजीचं आता काय करू, सांग." डॉक्टर त्यानंतर आमच्या गल्लीत शिरताना आधी चुलींचा वास घ्यायचा.

दुसऱ्याच्या घरची भाजी धुंगारणारा हा माणूस स्वतः मात्र पालेभाजीला शिवत नसे. मी वाटीत घालून दिली तर हात जोडायचा. भात, सुकट, बोंबील खायचा, भाजी नाही. स्वयंपाकीणबाई स्वतःच्या हातचं जेवत नाही म्हटलं की शंका येतेच ना? माझ्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. पण आम्ही सगळे ठणठणीत होतो.

आणखी एक खोड. गोमानाना घर सोडून कुठे मुक्काम करत नसत. पेणकरपाड्याला सख्ख्या भाच्याचं लग्न होतं. भाईंदरहून ते किती लांब? तरी अक्षता पडल्यावर जेवणाची पंगत सोडून उठून आले. का, तर घरी विस्तव आहे. लोक म्हणतात घरी तान्हं मूल आहे, तसं हे म्हणायचे, "घरी इस्तव हाय." त्यांच्या घरातली चूल कधी विझत नसे. रोज झोपण्यापूर्वी निखारे राखेत पुरायचे आणि सकाळी फुंकून जागे करायचे. तसं तेव्हा पुष्कळ घरांतून करत, पण विझला विस्तव तर शेजारणीकडून मागून आणत, त्यात काय एवढं! गोमानाना दोन्ही हातांनी फुंकणी धरून असे फुंकायचे की कुणाचा जीव परत आणताहेत. त्यांच्या भावकीतले लोक त्यांना येडा म्हणत आणि येत-जात नसत. का, ते कुणी सांगेना. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तुला काय करायचंय? तवा तापलाय."

आणि मोरस. मिठागराच्या बांधावर ही भाजी आपली आपण उगवते. बारीक, गुबगुबीत पानांची आणि जात्याच खारट. मी घाटावरची शहाणी, तिच्यात नेहमीसारखं मीठ घातलं. त्या दिवशी आमच्या घरात जेवणापेक्षा पाणीच जास्त प्यायलं गेलं, आणि सासूबाईंनी मला जे सुनावलं ते सांगण्यासारखं नाही. पण मला जास्त धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. गोमानाना वासावर आले, चिमट्यात निखारा तयार होता. त्यांनी विचारलं, "कसला पाला?" मी म्हटलं, मोरस. तर हातातला चिमटा खाली आला. तसेच मागे फिरले. तीनचार दिवस आमच्या दारात आले नाहीत. भाजीवर रुसणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

रावसाहेबांची गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र पुढे जाववत नाही. ह्यांच्या कचेरीतले हे वरचे अधिकारी मुंबईहून तपासणीला आले आणि आमच्याकडे जेवायला उतरले. ह्यांच्या बढतीचा प्रश्न. सासूबाईंनी मागच्या दाराला अडसर घातला, वर पाटा टेकवला. मी अंबाडीची भाजी केली होती. रावसाहेब पाटावर बसले, आचमन झालं, आणि त्यांच्या डोक्यावरच्या झरोक्यातून एक जळता निखारा सावकाश आत आला. त्यांच्या टकलापासून वीतभर वर थांबला. आत कुठे जायचं ते त्याला कळेना. रावसाहेबांनी वर पाहिलं. मला ब्रह्मांड आठवलं, ह्यांचा चेहरा पिठासारखा झाला. झरोक्यातून आवाज आला, "अंबाडी कुटं हाय?"

आणि रावसाहेबांनी, देव त्यांचं भलं करो, बोटानं दाखवली. मी सांगितलं नव्हतं का, घाबरलेला माणूस जो सांगेल त्याचं ऐकतो म्हणून? जेवण झाल्यावर त्यांनी ह्यांना एवढंच विचारलं की हे रोज असंच होतं का. ह्यांनी हो म्हटलं. बढती मिळाली. ती अंबाडीनं मिळाली की घाबरवण्यानं, ह्याचा निकाल आमच्या घरात आजवर लागलेला नाही.

मग लढाई आली. रॉकेल मिळेना, काड्यापेट्या दिसेनाशा झाल्या, आणि सगळी गल्ली एकमेकींकडे विस्तव मागत फिरू लागली. आमच्याकडे ती अडचण नव्हती. सासूबाई आमची चूल कधी विझू देत नसत. मी एकदा माहेरून आणलेल्या पेटीतली काडी ओढली, तर त्यांनी हातातून काढून घेतली. "ह्या घरात काडी ओढायची नाही," म्हणाल्या. मला वाटलं, कंजूसपणाची शर्थ आहे.

त्यातल्याच एका श्रावणात अवसेचं उधाण आलं. वर पाऊस कोसळत होता, खाडीचं पाणी मिठागरांचे बांध ओलांडून सकाळी सकाळी गल्लीत शिरलं. आमचं जोतं उंच, पाणी पायरीला लागून थांबलं. दुपारपर्यंत ओसरलंही. मी माठ चिरला, शिजत टाकला, आणि वाट बघत बसले. भाजी शिजली तरी चिमटा आला नाही. झरोक्यातूनही नाही.

चिखल तुडवत मी त्यांच्या घरात गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आत गुडघ्याएवढं पाणी येऊन गेल्याची खूण भिंतीवर होती. चूल म्हणजे काळा गाळ झाला होता. गोमानाना त्या गाळासमोर उकिडवे बसले होते, चिमटा मांडीवर आडवा. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "इजला."

मला दुसरं काही सुचेना. मी म्हटलं, नाना, आमच्याकडे एक काडेपेटी आहे, आणते.

"काडीतला इस्तव कुनाचा, बाय? दुकानदाराचा." मग गाळात बोट फिरवत म्हणाले, "यो चांगीचा व्हता."

चांगी कोण, हे विचारायचा मला धीर झाला नाही. हा माणूस रडत नव्हता, बोलत नव्हता, नुसता दम धरून बसल्यासारखा बसला होता, आणि ह्या वेळेला कुणी 'उघड' म्हणणार नव्हतं. मी घरी आले आणि चुलीपुढे बसून रडायला लागले. सासूबाई जप करत होत्या. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी माळ खाली ठेवली.

मग त्या इतकं बोलल्या, जेवढं मी सगळ्या वर्षांत मिळून ऐकलं नव्हतं. चांगी गोमानानांची बायको. धुंगार तिचा. गल्लीत तिच्यासारखी पालेभाजी कुणाला येत नव्हती. एका सकाळी तिनं चूल पेटती केली, तवली मांडली आणि नवऱ्याला सांगितलं, "इस्तव राखा, मी मोरस घेऊन येते." आणि बांधावर तिला पान लागलं. सापाचं नाव घेऊ नये म्हणून इकडे तसं म्हणतात. तिला घरी आणली ती तशीच. गेलेल्या माणसाच्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजारचे डबे येतात. पण गोमानानांनी विस्तव विझवू दिला नाही. ती राखायला सांगून गेली आहे, म्हणाले. भावकीनं तोंड फिरवलं ते त्या दिवसापासून.

म्हणजे तिनं सांगितलेली भाजी त्या चुलीकडे कधी आलीच नाही. म्हणून हा माणूस चूल घेऊन भाजीकडे जात होता. मला हे तेव्हा तिथे कळलं.

"आणि आता तो विझला हो," मी म्हटलं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आपल्या चुलीत कुणाचा आहे, असं वाटतं तुला?"

त्या सांगू लागल्या. ह्या घरात बिऱ्हाड घेऊन त्या आल्या तेव्हा मामंजी नुकतेच गेलेले होते, लेक लहान, ओळखीचं कुणी नाही. सोवळ्या विधवेच्या दारात पहाटे कोण येणार? तर चांगी आली, खापरीत विस्तव घेऊन. उंबऱ्याबाहेर थबकली, की आत यावं की नाही. "मीच तिला म्हटलं, ये गं, विस्तवाला विटाळ नाही." तेव्हापासून त्यांनी ही चूल विझू दिलेली नव्हती. नानांचा निखारा रोज त्यातच सारत होत्या.

आणि तेच वाक्य गोमानानांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनाच ऐकवलं होतं! मी जिला कंजूस म्हणत होते ती बाई खापरी घेऊन चुलीतले निखारे काढत होती. राखेचा थर, वर निखारे, वर पदराचा आडोसा. मी म्हटलं, सासूबाई, मी नेते. त्या म्हणाल्या, "तू सुकं सरपण घे."

सोवळ्यातली म्हातारी चिखलातून चालत गेली आणि गोमानानांच्या उंबऱ्याशी थांबलीसुद्धा नाही. सरळ आत गेली. गोमानाना धडपडत उठले. त्यांच्याकडे न बघता सासूबाईंनी गाळ उपसला, विटा मांडल्या, खापरी ठेवली आणि म्हणाल्या, "तुमच्या चांगीचा आहे. मला दिलेला. फुंका."

गोमानाना फुंकू लागले. पहिल्यांदा फुंकणीतून नुसता हुंदका गेला. मग जाळ धरला.

एवढ्यावर संपलं असतं तरी मला पुरलं असतं. पण पाऊस सरून उन्हं पडली, बांध सुकले, आणि एका सकाळी सासूबाई घरात दिसेनात. मी सगळीकडे शोधलं. बघते तर मिठागराच्या बांधावरून लाल आलवण चालत येतंय, ओटीत हिरवा पाला. मी डोळे चोळले. अनवाणी, पाय चिखलानं भरलेले, आणि साप-किरडाचं भय नाही की सोवळ्याचं. आमच्या दारात न येता त्या परस्पर गोमानानांकडे गेल्या. मी धावत मागून गेले.

गोमानाना चुलीपाशीच होते. सासूबाईंनी ओटी चुलीपुढे रिती केली. "विस्तव राखलात ना?" त्या म्हणाल्या. "ही घ्या मोरस."

म्हातारा त्या पाल्याकडे बघत राहिला. त्याला हात लावायला पुष्कळ वेळ लागला. भाजी सासूबाईंनीच त्याच्या चुलीवर केली, त्याच्याच तवलीत. निखारा ठेवताना चिमटा लागला नाही, कारण उंबरा मध्ये नव्हता. नानांनी साध्या पळीनं ठेवला. झाकण पडलं. नानांनी गाल फुगवून दम धरला. सवयीनं मी सासूबाईंकडे पाहिलं, तर त्यांचेही डोळे मिटलेले होते आणि ओठ घट्ट.

मग गोमानानांनी वाढून घेतलं. भाजी न खाणाऱ्या माणसानं पहिला घास तोंडात घातला, आणि थांबला. मी बोटानं चाखून पाहिली आणि हबकले. मोरशीत मीठ घालायचं नाही म्हणून मला फाडून खाणाऱ्या सासूबाईंनी, मन ठिकाणावर नव्हतं म्हणून की काय, चांगलं मूठभर मीठ घातलं होतं.

सासूबाईंना तोंडाकडे बघूनच कळलं. "बिघडली का?" त्यांनी विचारलं. त्यांच्या तोंडून हा प्रश्न मी आयुष्यात तेवढा एकदाच ऐकला.

गोमानानांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "खारट हाय," म्हणाले, आणि ताट पुढे केलं. "अजून वाड."